खरी नोंद कुठं ठेवायची, शुभांगी?

शुभांगी,

मागच्या महिन्यात तुझी आई औशाहून आली आणि तुझं सामान घेऊन गेली. कपडे, रजई, पितळी डबा, खिडकीतली तुळसही तिनं कुंडीसकट उचलली. संगणकापाशी आल्यावर मात्र तिनं हात मागं घेतला. "हे नेऊन मी काय करू, माय? ह्यात तुमचं दोघींचं काम हाय. तुझ्याजवळच राहू दे."

ती गेल्यावर मी संगणक चालू केला. तू अर्धवट सोडलेली फाईल उघडली. सगळ्यात वर, जिथं आपण एकमेकींसाठी सूचना लिहून ठेवायचो, तिथं तू लिहिलं होतंस: "वैशालीला हे पटणार नाही. तरीपण."

बरोबर आहे. पटलेलं नाही. अजूनही नाही.

तुझ्या भावानं गावाकडच्या पेपरात द्यायला माझ्याकडून चार ओळी मागून घेतल्या. शिक्षण, नोकरी, मनमिळाऊ स्वभाव असं काय काय लिहून दिलं. वाचून पाहिलं तर त्यात तू कुठंच नव्हतीस. मनमिळाऊ तर तू अजिबात नव्हतीस. म्हणून हे वेगळं लिहितेय, आणि तुलाच लिहितेय. तू मधे बोलणार नाहीस, एवढंच काय ते नवीन.

नेऱ्याची ही खोली तू आधी घेतली होतीस, मी मागून आले. यमुनामावशींनी गोठा पाडून बांधलेल्या चार खोल्यांपैकी शेवटची. मी चाळीसगावची, तू औशाची, दोघी हिंजवडीत एकाच कंपनीत. कॉल सेंटरांना इंटरनेटवरचे फोन बसवून द्यायचे, ते चालते ठेवायचे, हे आपलं काम. पहिल्याच रविवारी दुपारी वीज गेली, पंखा थांबला आणि खोलीत टिक टिक ऐकू यायला लागलं. मी भिंतीवर घड्याळ शोधत होते. मावशी दारात ताकाचा तांब्या घेऊन उभ्या होत्या, त्यांनी तुझ्याकडे बघितलं.

"पोरी, तुज्या छातीतनं आवाज येतोय का काय?"

"हो मावशी. हृदयातली झडप धातूची आहे. लहानपणी सांधेतापानं मूळची खराब झाली, मग ही बसवली."

"आगं बया! आन तू जिना चढती व्हय?"

"चढते की. भांडतेसुद्धा."

एवढं सहज सांगितलंस. नंतर कळलं, रोज रक्त पातळ ठेवायची गोळी, दर थोड्या दिवसांनी रक्ताची तपासणी, खरचटलं तरी जपायचं. मी तुझ्या गोळीवर लक्ष ठेवायला लागले. तुला ते आवडलं नाही. "तू माझी सासू होऊ नको," म्हणालीस. त्यानंतर मी लक्ष ठेवायची पण बोलायची नाही, आणि तुला ते माहीत होतं, आणि तूही बोलायची नाहीस.

त्या तपासणीमुळेच तर सगळं सुरू झालं. कासारसाईला धरणाकडच्या शाळेत आरोग्य शिबिर होतं, तिथं मावशी तुला ओढून घेऊन गेल्या. डॉक्टर मोहिते तुझ्या छातीला नळी लावून ऐकत होते, आणि मधेच त्यांचा माणूस येऊन सांगत होता की मालेच्या दवाखान्यातून विचारणा आहे, सिंधू सिस्टर कुठं आहेत? कोळवणला की पौडला? डॉक्टर म्हणाले, "आज कुठं आहेत ते मलाच माहीत नाही." मग तुझ्याकडे वळून म्हणाले, "श्वास घ्या."

तू श्वास घेतला नाहीस. विचारलंस, "तुमचे दवाखाने किती?"

तीन होते. पौड, कोळवण, माले. डॉक्टर एक, सिस्टर तीन, आणि सगळे वाराप्रमाणे इकडून तिकडे फिरणारे. डोंगरापलीकडे मोबाईलला रेंज नाही. पण दवाखाने चालवणाऱ्या संस्थेनं डोंगरावर तबकड्या बसवून तिन्ही दवाखाने बिनतारी जोडलेले होते, रुग्णांची माहिती पाठवण्यासाठी. दवाखान्यापासून तबकडीपर्यंत तेवढी तार होती. तू नळी कानाला लावलेल्या डॉक्टरांना तिथंच सांगितलंस, "त्याच्यावर फोन चालतील. बाहेरच्या फोनला जोडायचे नाहीत, फक्त तुमच्या तुमच्यात. आम्ही बसवून देतो."

'आम्ही' म्हणालीस. मला विचारलं नव्हतंस.

कंपनीनं मोडीत काढलेले तीन संगणक परवानगी घेऊन आणले. प्रत्येक दवाखान्यात एक. तोच तिथला सर्व्हर, म्हणजे त्या दवाखान्याचं एक्स्चेंज म्हण. कुठल्या नंबराचा माणूस कुठल्या खोलीत आहे हे त्यानं पाहायचं आणि तिथली घंटी वाजवायची. शनिवार-रविवार आपण माझ्या स्कूटरवरून जायचो. पिरंगुटच्या चढावर तू उतरून चालायचीस, मी म्हटलं तरी पुढच्या सावलीपर्यंत बसायची नाहीस. आणि तिथंच, त्या चढावर, आपलं पहिलं भांडण झालं.

मी म्हणत होते, प्रत्येक सर्व्हरवर आपापली यादी ठेवू. साधं, स्वतंत्र. एक बंद पडला तर दुसऱ्याला काही होत नाही.

तू म्हणालीस, "आणि सिंधू सिस्टर सोमवारी कोळवणला, मंगळवारी मालेला. तीन ठिकाणी यादी बदलणार कोण? तू? हिंजवडीत बसून? एक ठिकाणी बदललं आणि दुसरीकडे राहिलं, की झालं, पुन्हा सिस्टर हरवली. नोंद एकच पाहिजे. एकच डेटाबेस, पौडला. तिघांनीही त्यालाच विचारायचं."

"आणि पौडची तार तुटली तर?"

"तुटली तर जोडू. तू इतकी काय घाबरायलीस?"

तू वाद घालायला लागलीस की तुझं औसा बाहेर यायचं. त्यावर मी हसले की तू आणखी चिडायचीस.

तुझं झालं. एकच डेटाबेस. आणि कबूल करते, पहिले काही महिने ते फार सुंदर चाललं. सिस्टर दवाखान्यात पोचली की तिथला फोन उचलायचा, आपले दोन आकडे दाबायचे. म्हणजे "मी आले". पौडच्या नोंदीत तिचं गाव बदलायचं. त्यानंतर तिचा नंबर कुठूनही लावला तरी ती असेल तिथंच वाजायचा. पहिल्यांदा पौडहून तू लावलेला फोन मालेला वाजला तेव्हा सिंधू सिस्टरनं उचलला आणि नुसतीच ओरडली, "आवो, मी हितं हाय हे त्याला कसं कळलं?" तू पौडला खुर्चीत बसून इतकी हसलीस की तुला धाप लागली.

मग तो मार्च. पौड आणि मालेच्या मधल्या डोंगरावर वणवा लागला. वाळलेलं गवत जळत जळत वर गेलं आणि तबकडीच्या खांबावरची केबल जळाली. मालेचा सर्व्हर चालू होता, फोन चालू होते, वीज होती. फक्त पौडच्या डेटाबेसपर्यंत त्याला पोचता येत नव्हतं.

नेमक्या त्या दुपारी गवत कापताना एका बाईला साप चावला. तिला मालेच्या दवाखान्यात आणलं तेव्हा सिंधू सिस्टर एकट्या होत्या. डॉक्टर मोहिते जेवायला गेलेले, पलीकडच्या आवारात, कर्मचाऱ्यांच्या खोलीत. तिथंही आपण फोन बसवला होता. सिस्टरनी डॉक्टरांचा नंबर लावला. सर्व्हरनं पौडला विचारायला पाहिलं, पौड मिळेना, फोन गप्प. पुन्हा लावला. गप्प. बाईला सोडून जाता येईना, आणि तिच्या नवऱ्याला डॉक्टरांची खोली माहीत नव्हती. तो चुकीच्या दारांवर थापा मारत फिरला. डॉक्टर आले, इंजेक्शन चालू झालं, बाई जगली. पण तिच्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली ती राहिलीच.

त्या शनिवारी आपण गेलो तेव्हा सिंधू सिस्टर ओरडल्या नाहीत. हात पुसत पुसत म्हणाल्या, "शेजारच्या खोलीतला माणूस बोलवायला पौडची परवानगी लागतीया व्हय तुमच्या फोनला? मला ठावं असतं तर मी पळाली असती. मला वाटलं, फोन हाय. म्हून थांबले."

तू खाली बघत होतीस. मला वाटलं तुला बसायला सांगावं. तेवढ्यात तू माझ्याकडे वळलीस.

"म्हण एकदा."

"काय?"

"सांगितलं होतं म्हणून. म्हणून टाक. मग कामाला लागू."

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

"झालं? चल."

शुभांगी, मी तुला हे कधी सांगितलं नाही. माझ्या आयुष्यात चुकलेली माणसं पुष्कळ भेटली. कुणी आठवडाभर तोंड पाडून बसतं, कुणी चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालतं. तू "झालं?" म्हणालीस आणि पिशवीतून पक्कड काढलीस. त्या दिवसापासून मला तुझी भीती वाटेनाशी झाली आणि आदर वाटायला लागला. तोंडावर सांगितलं असतं तर तू मला वेड्यात काढलं असतंस.

तरीसुद्धा माझं तू मान्य केलं नाहीसच. मला वाटलं आता वेगवेगळ्या याद्या करायला तयार होशील. तू म्हणालीस, "नाही. खरी नोंद एकच, ती पौडला. पण तिची प्रत प्रत्येकाकडे ठेवू. पौडला काही बदललं की प्रतीत बदलेल. तार तुटली तर सर्व्हरनं आपल्याकडची प्रत बघायची आणि घंटी वाजवायची. थोडी जुनी असेल, पण मुकी नसेल." मी विचार केला. त्यात खोट काढता येईना. एप्रिल आणि मेचे सगळे शनिवार आपण त्यात घातले. मावशी डब्यात भाकरी आणि ठेचा द्यायच्या आणि म्हणायच्या, "लगीन करायच्या वयात पोरी डोंगरावर तारा वढत्यात."

पावसाळ्यात तार अनेकदा तुटली. फोन मुके झाले नाहीत.

मग आणखी एक भांडण, जे संपलंच नाही.

तार तुटलेली असताना एखादी सिस्टर मालेला पोचली तर? ती आकडे दाबणार, "मी आले". पण हे लिहायचं कुठं? खरी नोंद पौडला, तिथं पोचता येत नाही. प्रत फक्त वाचायची, तिच्यात लिहायचं नाही असं आपणच ठरवलेलं. म्हणजे सिस्टर मालेला उभी, आणि मालेचाच फोन सांगणार की ती कोळवणला आहे.

तू म्हणालीस, "लिहू दे तिला प्रतीतच. तार जुळली की दोन्ही नोंदी ताडून बघायच्या. ज्याची वेळ नंतरची, ती खरी. यंत्र करील आपोआप."

मी म्हटलं, "कुणाच्या घड्याळाप्रमाणे नंतरची? मालेच्या संगणकाचं घड्याळ बघितलंस? आतला सेल मेलाय. वीज गेली की ते कित्येक वर्षं मागं जातं. त्याच्या हिशेबानं तर तू अजून औशाला शाळेत आहेस. जुनी नोंद नवीला पुसून टाकील, आणि कुणाला कळणारही नाही. दोन खऱ्या नोंदी असण्यापेक्षा एक जुनी बरी."

"मग सेल बदल ना. भांडतेस काय?"

"आज तो सेल, उद्या दुसरा. यंत्राच्या घड्याळावर माणूस सोडायचा नाही."

"तुझा यंत्रावर विश्वास नाही आणि म्हणे इंजिनिअर." तू छातीवर बोट ठेवलंस. "मी बघ कशावर चालतेय."

तू कधी कधी फार वाईट वागायचीस, शुभांगी. वादात असं काही काढायचीस की समोरच्याचं तोंड बंद व्हावं.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी चहा करता करता तुझा डावा हात जड पडला. मावशींच्या मुलानं गाडी काढली. पुण्यात दवाखान्यात नेलं. झडपेवर रक्ताची गाठ धरली होती, तिचा तुकडा डोक्यात गेला, असं सांगितलं. दोन दिवसांनी तुला बरं वाटत होतं. जीभ जरा जड, पण बोलत होतीस. मी कंपनीतून फोन केला तर तब्येतीचं एक अक्षर नाही. म्हणालीस, "मालेचा सेल बदललास का?" मी म्हटलं, "तू आधी बरी हो." तू म्हणालीस, "बदल. बाकीचं आल्यावर भांडू."

दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

तुझ्या आईजवळ मी बसले होते. ती मला विचारत होती, "तिला भांडायला कोणी होतं ना गं तिथं?" मला आधी कळलं नाही. मग म्हणाली, "आजारी लेकरू म्हणून तिच्याशी कोणी भांडायचंच नाही घरात. सगळे हो हो म्हणायचे. तिला त्याचा लई राग यायचा." मी तिला सांगितलं, "मी रोज भांडले, आई." तिनं माझा हात घट्ट धरला. तो हात मला अजून जाणवतो.

म्हणून सांगते, तू गेलीस म्हणून तुझं म्हणणं बरोबर ठरत नाही. लोक गेलेल्या माणसाला लगेच सगळे वाद जिंकून देतात. मी देणार नाही. ते तुला हो हो म्हणण्यासारखंच होईल.

पंधरा-वीस दिवसांनी पौडला संस्थेच्या समितीची बैठक झाली. मला बोलावलं होतं. तुझ्यासाठी दोन मिनिटं उभे राहिले सगळे. मग एक गृहस्थ, पुण्याहून येणारे, स्वभावानं चांगले, म्हणाले, "त्या बाई गेल्या. ह्या एकट्या किती दिवस करणार? उद्या मोबाईलचे टॉवर येतीलच. आता हे फोनचं प्रकरण सन्मानानं थांबवावं."

मी डॉक्टर मोहित्यांकडे बघितलं. तेही थकलेले दिसले.

सन्मानानं थांबवावं. घरी येताना स्कूटरवर मी तेच शब्द चावत होते. टॉवर येतील तेव्हा येतील, ताम्हिणीकडच्या वाड्यांवर तर कधी येतील कोण जाणे. आणि थांबवलं की उद्या पुन्हा कुणीतरी दुसऱ्याला विचारणार, सिस्टर कुठं आहेत? मी घरी येऊन मावशींना सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुला रडायचं आसंल तर रड. पर रडून झालं की ते पुरं कर. आर्धं टाकून दिलेलं काम त्या पोरीला आवडत न्हवतं. आन मला बी न्हाई."

मी रडले नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि तुझी फाईल पुन्हा उघडून बसले. तुझ्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ओळीओळीवर ठरवत गेले. प्रत्येक ओळीला तू काय म्हणाली असतीस ते ऐकू येत होतं, आणि मी उत्तरही देत होते, मोठ्यानं. मावशींची सून एकदा दारातून डोकावून गेली.

शेवटी असं केलं. तुझं एक घेतलं: तार तुटली तरी सिस्टरला "मी आले" म्हणता आलं पाहिजे. त्यासाठी तिनं थांबायचं नाही. मालेला ती आली की मालेच्या सर्व्हरनं ते वेगळ्या जागी टिपून ठेवायचं आणि मालेपुरती तिची घंटी तिथंच वाजवायची. इथवर तुझं. पण तार जुळल्यावर यंत्रानं घड्याळं बघून ठरवायचं नाही. पौडच्या सिस्टरला पडद्यावर दाखवायचं, मालेचं म्हणणं असं आहे, घेऊ का? तिनं गरज वाटली तर फोन करून विचारायचं, आणि हो म्हटलं की मगच खऱ्या नोंदीत. इथं माझं. तू म्हणाली असतीस, "म्हणजे पुन्हा माणसाला कामाला लावलंस." हो, लावलं. माणूस चुकला तर निदान कुणाला विचारायचं ते कळतं.

आणि सेलही बदलला. तू सांगितलं होतंस म्हणून.

डॉक्टरांना सांगून समितीला मालेला बोलावलं. मला खात्री नव्हती ते येतील. आले, दुपारचे, दोन गाड्यांमधून, धरणाच्या कडेच्या रस्त्यानं धुळीनं माखून. मी त्यांना भाषण केलं नाही. त्यांच्यासमोर सर्व्हरच्या मागून डोंगराकडे जाणारी तार हातानं उपटली आणि त्या पुण्याच्या गृहस्थांच्या हातात दिली. "ही धरा," म्हटलं. "आता पौड नाही."

मग सिंधू सिस्टरना खूण केली. त्यांनी पलीकडच्या आवारातला डॉक्टरांचा नंबर लावला. खिडकीतून घंटी ऐकू आली. डॉक्टर तिथं जाऊन बसले होते. त्यांनी उचलला. सिस्टर म्हणाल्या, "काय न्हाई, नुसतं बघितलं. या आता च्या घ्यायला."

कोळवणच्या सिस्टरना मुद्दाम बरोबर आणलं होतं. नोंदीत त्या कोळवणलाच होत्या. त्यांनी मालेच्या फोनवर आपले दोन आकडे दाबले. मग दुसऱ्या खोलीतून त्यांचा नंबर लावला. त्यांच्या पुढ्यातला फोन वाजला. त्या दचकल्या, समितीतले दोघं हसले.

मी त्या गृहस्थांच्या हातातली तार घेऊन पुन्हा जागेवर लावली. थोड्याच वेळात पौडहून फोन आला. पौडच्या सिस्टर विचारत होत्या, "कोळवणच्या बाई मालेला आल्यात असं दाखवतंय. खरं का? घेऊ?"

"घ्या," सिंधू सिस्टर म्हणाल्या. "माज्या म्होरं बसल्यात. बिस्कीट खात्यात."

सगळं झालं तरी त्या गृहस्थांनी मला सोडलं नाही. त्यांचा प्रश्न रास्त होता. "आणि उद्या तुम्हीही नसलात तर?"

तुझ्याकडे ह्याचं उत्तर नसतं, शुभांगी. तू म्हणाली असतीस, मी कुठं जातेय. मला मात्र आता ते म्हणता येत नव्हतं. मी म्हटलं, "पौडच्या सिस्टरना आणि सिंधू सिस्टरना तार तपासायला, सर्व्हर बंद करून चालू करायला आणि अडकलेली नोंद सोडवायला शिकवलंय. तुमच्यासमोर करून दाखवतील. त्यापुढचं काही बिघडलं तर कंपनीतल्या दोघांनी मला शब्द दिलाय, ते येतील. आणि मी सध्या तरी आहे."

ते मग डॉक्टरांना म्हणाले, "ताम्हिणीकडच्या नव्या दवाखान्याचं काय म्हणत होता तुम्ही?"

डॉक्टर पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. "तिथं चौथा बसवायचा म्हणतोय."

तर तो चौथा बसवायला मी पुढच्या शनिवारी जातेय. स्कूटर त्या रस्त्याला एकटीनं नको म्हणून मावशींनी त्यांच्या मुलाला गाडी काढायला सांगितलंय. मला विचारलं नाही त्यांनी. तुझीच सवय लागलीय सगळ्यांना.

आता एक शेवटचं सांगायचं आहे, आणि तेवढ्यासाठीच आज लिहायला बसले.

काही बिघडलं की तिन्ही दवाखान्यांतून तुझा नंबर लावायचे. तो पौडच्या इंटरनेटवरून इथं, ह्या खोलीतल्या टेबलावरच्या फोनवर वाजायचा. तू गेल्यावर मी तो काढला नव्हता. खऱ्या नोंदीत तुझं नाव होतं, आणि प्रत्येक प्रतीत होतं. मी कामावर असताना कुणी लावला असेल तर ह्या बंद खोलीत वाजून वाजून थांबला असेल. मला ते सहन होत नव्हतं, आणि नाव काढायलाही हात होत नव्हता. एकाच ठिकाणी पुसलं की सगळीकडून पुसलं जातं. तुलाच हवं होतं ना असं?

काल दुपारी पौडला जाऊन बसले. तुझ्या नोंदीवर आले. मग विचार आला, आत्ता ह्या क्षणी मालेला कुणाला तरी मदत हवी असेल आणि ती बाई हाच नंबर लावत असेल तर? तिला माझ्या दुःखाशी काय करायचंय? तिला कुणीतरी उचलायला हवंय. मी तुझं नाव काढलं. नंबर ठेवला. त्यापुढं माझं नाव लिहिलं आणि आपले फोन बाहेरच्या मोबाईलला जोडायला कायद्यानं मनाई आहे म्हणून तो कंपनीतल्या माझ्या टेबलावर आणि ह्या खोलीत, दोन्हीकडे एकदम वाजेल असं केलं. बघता बघता सगळ्या प्रती बदलल्या. मालेची सगळ्यात शेवटी.

आज सकाळी फोन वाजला. मी केस विंचरत होते. उचलला.

"शुभांगीबाई?" पलीकडे नव्यानं लागलेली मुलगी होती, कोळवणची. तिला कुणी सांगितलं नसावं. "बाई, हितला फोन खरखर करतोय, ऐकू येत न्हाई नीट."

तिच्या मागं कुणाचं तरी लहान मूल रडत होतं, आणि ती मुलगी थांबली होती.

"शुभांगी नाही," मी म्हटलं. "ती आता नाही. मी वैशाली बोलतेय. तारेचं टोक घट्ट बसवलंय का बघ, मी लाईनवर आहे."